रंगभवन बंद झालं, नेरूळ हाऊसफुल्ल झालं. मधल्या पोरांचं काय?

जानेवारी २०२५ मधल्या १८, १९ आणि २१ या तारखा आठवतात का? त्या तीन दिवशी ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबर फलाटावर वेगळीच गर्दी होती. गालाला चमकी लावलेली पोरंपोरी ट्रान्स हार्बरच्या गाडीत चढत होती. सगळे निघाले होते नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर, कोल्डप्ले ऐकायला. तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. सप्टेंबरात विक्री सुरू झाली आणि बघता बघता संपली. मग काळ्या बाजाराची बोंब झाली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. या सगळ्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

डोंबिवलीतला माझा भाचा त्या गर्दीत नव्हता. तिकिटाचे पैसे नव्हते हे एक. दुसरं म्हणजे त्याचा स्वतःचा चौघांचा बँड आहे आणि त्या दिवसांत त्यांचे पैसे ड्रमच्या हप्त्यात अडकले होते. नंतर एकदा जेवताना त्याने मला विचारलं, "मामा, हे लोक मोठे व्हायच्या आधी वाजवायचे कुठे?"

प्रश्न साधा आहे. पण माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच आहे.

कोल्डप्लेचं उत्तर सोपं आहे. १९९६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकायला आलेल्या ख्रिस मार्टिन आणि जॉनी बकलँड या दोन पोरांची ओळख झाली. पुढे गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन आले. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी कॅम्डेन भागातल्या 'लॉरेल ट्री' नावाच्या पबमध्ये पहिला कार्यक्रम केला. तेव्हा बँडचं नावसुद्धा वेगळं होतं, स्टारफिश. त्याच वर्षी स्वतःच्या पैशांनी छोटी रेकॉर्ड काढली, फक्त ५०० प्रती. १९९९ मध्ये मोठ्या कंपनीशी करार झाला, २००० मध्ये 'पॅराशूट्स' आला आणि पुढचं जग जाणतं. पण स्टेडियमच्या आधी पब होता, हे विसरू नका. चुकायला, पडायला आणि पुन्हा वाजवायला त्यांना जागा होती.

आता कोणी म्हणेल, तो इंग्लंड आहे, आपल्याकडे कसली रॉकची परंपरा? थांबा. आपल्याकडे होती, आणि तिलाही एक जागा होती.

मुंबईत धोबी तलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह. १९७८ मध्ये तिथे जॅझ यात्रा झाली, जगातले नावाजलेले कलाकार येऊन वाजवून गेले. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केलं. पोरांच्या तोंडी त्याचं नाव 'आय-रॉक'. एका मंचावर एकामागून एक बँड, समोर दगडी पायऱ्यांवर कॉलेजची पोरं. आवडलं तर डोक्यावर घ्यायची, नाही आवडलं तर तिथल्या तिथे सांगायची!

याच काळात वर आलेला बँड म्हणजे 'रॉक मशीन'. १९८४ मध्ये मुंबईत जमलेली ही मंडळी. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गाण्याला उदय बेनेगल, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. सुरुवात सगळे करतात तशीच, परदेशी बँडची गाजलेली गाणी वाजवून. त्या काळी पब्लिकला तेच हवं असायचं. पण यांनी हळूहळू स्वतःची गाणी पुढे केली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. १९९० मध्ये दुसरा. लक्षात घ्या, तेव्हा आपल्याकडे दूरदर्शन सोडून काही नव्हतं. इंटरनेट नाही, चांगली गिटार मिळायची मारामार. अशा दिवसांत आपल्या पोरांनी स्वतःची इंग्रजी रॉक गाणी करायची आणि ती ऐकायला लोकांनी यायचं, ही लहान गोष्ट नव्हती.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं. रॉक मशीनचं झालं 'इंडस क्रीड'. तोवर केबल घराघरात शिरली होती. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये नव्या नावाने अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड फुटला. बाजारात तेव्हा इंडीपॉपची लाट होती. इंग्रजी रॉकवर पोट भरणं अवघडच होतं. २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २०१२ मध्ये 'इव्होल्व्ह' काढला. जिद्द दांडगी, पण मधली तेरा वर्षं गेली ती गेलीच.

आमच्या पिढीने इंडस क्रीड टीव्हीवर पाहिला आणि रंगभवन प्रत्यक्ष. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजात असताना डोंबिवलीहून आम्ही पाच जण जायचो. सीएसटी नाव झालं होतं, पण तोंडात व्हीटीच. उतरून महापालिका मार्गाने चालत जायचं, वाटेत वडापाव. वर आभाळ, अंगावर भुरभुर पाऊस, कानात दडे बसलेले. परत येताना गाडीत जागा मिळाली की भजनी मंडळासारखं डब्यावर ताल धरायचो. घरी आईला सांगितलेलं, मित्राकडे अभ्यासाला जातो. चारचौघांत न बसणारं काहीतरी आवडणारी आपल्यासारखी आणखी हजार पोरं आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

मग २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या आसपास कामा रुग्णालय, जी. टी. रुग्णालय आणि भिंतीला भिंत लावून कॉलेज. पुढच्या काही वर्षांत तिथला आवाज बंद झाला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. खाटेवरच्या पेशंटला झोप मिळालीच पाहिजे. चूक ही झाली की एक जागा बंद करताना तशीच, तेवढ्याच स्वस्तातली दुसरी जागा कोणी उभी केली नाही. २००७ मध्ये लोअर परळला 'ब्लू फ्रॉग' आलं, नाव झालं, पण २०१६ मध्ये तेही बंद पडलं. आणि तसल्या ठिकाणी आत जायला लागणारे पैसे आणि चुकणारी शेवटची कर्जत लोकल, दोन्ही आपल्याकडच्या पोरांना परवडणारं नव्हतं.

आता आपल्या घरचं बघू. गडकरी रंगायतन १९७८ मध्ये उभं राहिलं आणि नाटकासाठी दादर गाठायची ठाणेकरांची सक्ती संपली. पुढे घाणेकर नाट्यगृह झालं. कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर. या वास्तूंचा मला अभिमान आहे. पण चार पोरांच्या बँडने तिथे जायचं कसं? भाच्याच्या बँडने एका सभागृहात चौकशी केली. भाडं, अनामत, साउंड सिस्टिम, परवानग्या असा हिशेब निघाला की पोरांनी चहा पिऊन घरची वाट धरली. आता ते एमआयडीसीतल्या एका मित्राच्या बंद गाळ्यात, भिंतींना जुन्या गाद्या टेकवून सराव करतात.

आणखी एक गंमत. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, पण सणसमारंभासाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे आवाजाला आपला विरोध नाही. कोणाचा आवाज, एवढाच प्रश्न आहे. डीजेच्या भिंतींना रस्ता मिळतो, गिटारवाल्या पोराला सोसायटीचा सेक्रेटरी नोटीस देतो.

मागणी फार मोठी नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपल्या नाट्यगृहात महिन्यातून एक दुपार, आडवारी, नाममात्र भाड्यात आणि सिस्टिमसकट स्थानिक बँडना द्यावी. गणेशोत्सव मंडळांनी पूर्वी ऑर्केस्ट्रा आणले, मेळे बसवले. त्यांनी दहातली एक संध्याकाळ, दहाच्या आत, गल्लीतल्या बँडला द्यावी. दिवाळी पहाटेला फडके रोडवर सगळं तारुण्य गोळा होतं, तिथे एखादा कोपरा द्यावा. रॉकच पाहिजे असं नाही. रॅप असो, अभंग असोत, काहीही असो. पोरांनी स्वतः केलेलं असलं म्हणजे झालं.

नेरूळला पुन्हा मोठा बँड येईल, पुन्हा ठाण्याचा फलाट भरेल. येऊ दे, आनंद आहे. पण भाच्याच्या प्रश्नाला मी अजून धड उत्तर दिलेलं नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशी स्वस्तातली जागा तुम्हाला माहीत असेल, किंवा तुमच्या मंडळाची एक संध्याकाळ द्यायची तयारी असेल, तर खाली लिहा. पोरं सामान घेऊन येतील. ड्रमचे हप्ते फिटलेत.