शिबिरातील बालकांच्या वैद्यकीय उपचारांचे संमतिपत्र : एक ऐतिहासिक आढावा
(पुलगाव व वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

उन्हाळ्याच्या सुटीत शाळा, क्रीडा मंडळे व सेवाभावी संस्था मुलांसाठी निवासी शिबिरे भरवितात. प्रवेश-अर्जासोबत पालकांकडून एक संमतिपत्र भरून घेण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. या संमतिपत्रात बहुधा दोन विधाने एकाच सहीखाली येतात. पहिले, पाल्य आजारी पडल्यास आवश्यक ते उपचार करण्यास पालकांची संमती आहे. दुसरे, काही अनुचित घडल्यास संयोजक जबाबदार राहणार नाहीत. वरवर पाहता ही विधाने एकमेकांना पूरक वाटतात. तथापि त्यांचा उगम व हेतू भिन्न आहे. पहिले विधान बालकाच्या हिताशी, तर दुसरे संस्थेच्या बचावाशी निगडित आहे. बालकाच्या उपचारांसाठी पालकाची संमती ही कल्पना भारतात कशी विकसित झाली आणि तिच्यात संस्थेच्या बचावाचा हेतू कसा मिसळला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पुलगावची पार्श्वभूमी

वर्धा नदीवरील रेल्वेपुलावरून ज्याचे नाव पडले ते पुलगाव हे देवळी तालुक्यातील शहर होय. रेल्वे, कापूसगिरणी आणि लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार यांच्या आधारे त्याची वाढ झाली. अशा गावात कुटुंबाची रचना ठरीव राहत नाही. वडील बदलीच्या गावी, आई मुलांसह येथे किंवा मूल आजी-आजोबांकडे, ही परिस्थिती अपवादात्मक नाही. त्यामुळे संमतिपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक उरत नाही. दुसरी बाब अंतराची आहे. मोठ्या उपचारांसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय अथवा सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय गाठावे लागते. हे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथे पोहोचेपर्यंतचे निर्णय मुलासोबत असलेल्या शिक्षकालाच घ्यावे लागतात.

दंड संहितेतील बालक व पालक

या विषयाची पहिली सुस्पष्ट कायदेशीर मांडणी १८६० च्या भारतीय दंड संहितेत आढळते. कलम ८९ नुसार बारा वर्षांखालील बालकाच्या हितासाठी, सद्भावपूर्वक, पालकाच्या संमतीने केलेली कृती, काही मर्यादांच्या अधीन राहून, अपराध ठरत नाही. कलमाखालील उदाहरणात मुतखड्याने पीडित मुलावर त्याचा पिता शस्त्रक्रिया करवून घेतो. शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका आहे हे ठाऊक असूनही त्याचा उद्देश मूल बरे व्हावे हा असल्याने तो दोषी ठरत नाही. कलम ९० प्रमाणे, संदर्भावरून वेगळा अर्थ निघत नसेल तर, बारा वर्षांखालील बालकाने स्वतः दिलेली संमती ही संमतीच नव्हे.

कलम ९२ शिबिरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्यातील एका उदाहरणात अपघातग्रस्त बालकावर तातडीने शस्त्रक्रिया न केल्यास प्राण जाण्याचा संभव आहे आणि पालकाची परवानगी घेण्यास अवधी नाही. मूल विनवण्या करीत असतानाही शल्यचिकित्सक सद्भावाने शस्त्रक्रिया करतो. तो अपराधी नाही, असे संहिता सांगते. म्हणजेच प्राणावर बेतलेल्या प्रसंगी सही नसणे हा उपचारातील अडथळा ठरू नये, हे तत्त्व दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून औपचारिकता त्याआड येऊ नयेत, असा निर्वाळा दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तिन्ही तरतुदी अनुक्रमे कलम २७, २८ व ३० म्हणून कायम आहेत.

येथे दोन शब्दप्रयोग ध्यानात घेणे आवश्यक आहे. कलम ८९ मध्ये पालकाबरोबरच बालक ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे अशा व्यक्तीचाही उल्लेख आहे. आजी-आजोबा किंवा शिबिरप्रमुख यांचा विचार या शब्दांच्या आधारे करता येतो. दुसरा शब्द ‘सद्भाव’. योग्य दक्षता व अवधान यांशिवाय केलेली कृती सद्भावाने केली असे म्हणता येत नाही, अशी संहितेची व्याख्या आहे. संमतीमुळे मिळणारे संरक्षण दक्षतेच्या अटीवर आहे, हे यावरून स्पष्ट होते.

वयाचा प्रश्न मात्र संदिग्धच राहिला. दंड संहितेने बारा वर्षांची मर्यादा घातली, तर १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय सामान्यतः अठरा ठरविले. बारा ते अठरा या वयोगटातील मुलामुलींच्या उपचारांसाठी व्यवहारात पालकांचीच सही घेतली जाते. शिबिरार्थींपैकी पुष्कळ जण याच वयाचे असतात. कनिष्ठ महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे अनेक स्वयंसेवकही याच गटात मोडतात.

सही कोणाची याबाबत १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने प्रथम पित्यास व ‘त्यानंतर’ मातेस नैसर्गिक पालक मानले. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये या शब्दाचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर एवढाच न घेता त्याच्या अनुपस्थितीत असाही घेतला. पित्याची बदली झालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल मोठे आहे.

सक्ती व नकार

पालकाच्या संमतीचा दुसरा प्रवाह लसीकरणाच्या इतिहासात सापडतो. १८८० च्या लसीकरण अधिनियमाने, तो लागू केलेल्या नगरपालिका व लष्करी छावण्यांच्या क्षेत्रात, बालकास देवीची लस टोचून घेणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. त्याने ‘पालक’ या संज्ञेत बालकाचा सांभाळ स्वीकारलेल्या कोणत्याही व्यक्तीचा समावेश केला. येथे शासनाला संमती नको होती, आज्ञापालन हवे होते. हेतू लोकहिताचा असला तरी पालकाचे मत विचारण्याची गरज कायद्याला वाटली नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रसंग वर्धा जिल्ह्याशी पुढे ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे. १९०२ च्या सुमारास मुंबईत त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचे सूप देण्याचा सल्ला दिला. गांधींनी तो नाकारून जलोपचार केले. डॉक्टरांनी मात्र मुलाची नाडी व छाती तपासत राहावे, अशी विनंती त्यांनी केली. मुलाचे मत विचारता त्याने वडिलांच्याच बाजूने कौल दिला. परंतु आपण ते पदार्थ दिले असते तरी त्याने ते घेतले असते, हे गांधींनी प्रांजळपणे नोंदविले आहे. मूल बरे झाले. तथापि कशामुळे बरे झाले याचा निश्चित दावा त्यांनी केला नाही. बालकाची संमती मोठ्यांच्या इच्छेची पडछाया कशी असते आणि पालकाच्या नकारालाही केवढी जबाबदारी चिकटलेली असते, हे या प्रसंगातून प्रकर्षाने दिसते.

वसतिगृहातील सही

पालकाच्या जागी संस्था उभी राहिली म्हणजे काय होऊ शकते, याचे अलीकडील उदाहरण गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचे आहे. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस देण्यात आली. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला. चौकशीत काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमतीच्या पद्धतीवर मात्र गंभीर आक्षेप घेण्यात आले. संसदेच्या स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या, तर १,९४८ पत्रांवर अंगठे होते. मुली वसतिगृहात होत्या, त्यांचे पालक हयात होते. त्यांना विचारण्यास अवधीही होता. तातडीच्या प्रसंगासाठी असलेली मुभा सोयीसाठी वापरली गेली, असेच म्हणावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये संमतीचे निकष सांगितले. उपचाराचे स्वरूप, उद्देश, लाभ, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमतीच खरी, आणि एका कृतीसाठी दिलेली संमती दुसऱ्या कृतीस लागू होत नाही, असे त्याचे सार आहे. या कसोटीवर ‘सर्व प्रकारच्या उपचारांस संमती’ हे शिबिराच्या अर्जातील वाक्य फार थोडे सिद्ध करते.

विदर्भातील अर्जात काय असावे

वैदर्भीय उन्हाळ्यात पारा अनेकदा ४५ अंशांवर जातो. उष्माघात, विंचूदंश व सर्पदंश हे येथील शिबिरांचे ठळक धोके आहेत. त्याहून कमी दृश्य धोका सिकलसेलचा आहे. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लेख प्रसिद्ध केला. तेव्हापासून विदर्भातील अनेक जातिजमातींत हा आनुवंशिक विकार आढळल्याचे ज्ञात आहे. शरीरातील पाणी कमी होणे व अतिश्रम यांमुळे अशा रुग्णास तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून भर दुपारच्या खेळापूर्वी ही माहिती शिबिरप्रमुखाजवळ असणे जीवनमरणाचे ठरू शकते. परंतु या विकाराभोवती विवाहसंबंधांची भीती व जातीचा कलंक आहे. ही माहिती सर्वांच्या हाती पडणाऱ्या कागदावर लिहिण्यास पालक कचरतात. ती बंद पाकिटात, एका जबाबदार व्यक्तीकडे व शिबिरानंतर परत करण्याच्या अटीवर घेतल्यास हा संकोच कमी होऊ शकेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातही अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे.

निष्कर्ष

१. प्राणसंकटात पालकाच्या सहीवाचूनही उपचार करता येतात. संमतिपत्राचे खरे कार्य तातडी नसलेल्या उपचारांना परवानगी देणे व मुलाच्या प्रकृतीची माहिती पुरविणे हे आहे.

२. ‘संयोजक जबाबदार राहणार नाहीत’ या वाक्याचा वैद्यकीय संमतीशी संबंध नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचा अपराध, पूर्वीचे कलम ३०४अ व आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, पालकाच्या सहीने पुसला जात नाही. सबब हे वाक्य उपचारांच्या संमतीपासून वेगळे काढणे इष्ट होय.

३. पालकाऐवजी सही करण्याचा अधिकार संस्थेने सोयीसाठी वापरू नये. पालकांशी संपर्क शक्य असेल तेथे तो केलाच पाहिजे.

४. बारा वर्षांवरील मुलास त्याच्या उपचारांविषयी समजावून सांगणे कायद्यातील संदिग्धतेमुळे अनावश्यक ठरत नाही. उलट अधिक आवश्यक ठरते.

पालकाने दिलेली सही म्हणजे मूल काही दिवसांसाठी दुसऱ्याच्या स्वाधीन केल्याची खूण आहे. ती घेणारा शिक्षक त्या दिवसांपुरता पालकाच्या जागी येतो आणि १८६० च्या संहितेने पालकाकडून अपेक्षिलेली दक्षता त्याच्याकडूनही अपेक्षित असते. महाविद्यालयीन शिबिरांची धुरा वाहणाऱ्या प्राध्यापकांनी संमतिपत्राचा मसुदा करताना हा अर्थ समोर ठेवणे अगत्याचे आहे.