भूविज्ञानाच्या विद्यापीठीय अध्यापनातील देशी नामे

भारतातील विद्यापीठांत भूविज्ञान हा विषय शिरला तो सरकारी खात्याच्या दारातून. कोलकाता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. परंतु डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ह्या विषयाचे प्राध्यापक राहिलेले टॉमस ओल्डॅम त्यापूर्वीच, मार्च १८५१ मध्ये, कोलकात्यास येऊन दाखल झाले होते आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे काम सुरू झाले होते. पुढे ह्या खात्याचे प्रमुख झालेले हेन्री मेडलिकॉट १८५४ ते १८६२ ह्या काळात रुडकीच्या टॉमसन कॉलेजात भूविज्ञान शिकवीत असत. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला तो मात्र १८९२ साली. म्हणजे येथील भूविज्ञानाची परिभाषा वर्गात घडली नाही. रानावनांत तंबू ठोकून राहणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती घडविली आणि विद्यापीठांनी ती सिद्ध स्वरूपात स्वीकारली.

ह्या परिभाषेत देशी शब्दांचा भरणा मोठा आहे. ओल्डॅम ह्यांनी १८५६ साली विंध्य पर्वतावरून एका खडकसमूहास नाव दिले. रॉबर्ट ब्रूस फूट ह्यांच्या दक्षिण महाराष्ट्र देशावरील १८७६ च्या ग्रंथात आजच्या कर्नाटकातील कलादगीचे नाव शास्त्रात रुजले. नर्मदेवरील लमेटा घाट आणि नागपूरजवळचे कामठी हीही गावे अशीच पाठ्यक्रमात आली. सर्वांत दूरचा प्रवास घडला तो ‘गोंडवन’ ह्या शब्दाला. मेडलिकॉट ह्यांनी १८७२ साली तो योजिला, फाइस्टमांटेल ह्यांनी १८७६ साली तो प्रथम छापला, आणि १८८५ साली ऑस्ट्रियन पंडित एडुआर्ट झ्यूस ह्यांनी त्यापुढे ‘लँड’ जोडून एका लुप्त महाखंडाचे नाव सिद्ध केले. गोंडवन हेच मुळी भूप्रदेशाचे नाव असताना त्याला आणखी एक ‘भूमी’ चिकटविणे ही द्विरुक्ती होय. पण शास्त्रज्ञांना तिचा उपसर्ग पोहोचलेला दिसत नाही.

स्थलनाम उचलताना त्या स्थळीच्या माणसांची भाषाही ऐकणारा एक अभ्यासक ह्या इतिहासात आढळतो, आणि तो सर्वेक्षण खात्यातला नव्हे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी रॉबर्ट हंटर ह्यांच्या सहकार्याने नागपूर परिसरातील खडकांचे व जीवाश्मांचे वर्णन १८५५ च्या सुमारास लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध केले. ह्याच हिस्लॉप ह्यांनी गोंडांची भाषा व गीते टिपून ठेविली होती. १८६३ साली ते बुडून मरण पावले. त्यांची ही टिपणे रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली छापविली. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यांचा पहिला लेख ठाऊक असतो, भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला दुसरा ग्रंथ. दोन्हींचा कर्ता एकच हे क्वचितच कोणी सांगते.

स्थलनामे सहज स्वीकारली गेली, कारण ती केवळ खुणा होत्या. वर्णनपर शब्दांची गोष्ट वेगळी. अशा शब्दांत पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठविलेले असते, आणि नेमके तेच बदलले गेले. फ्रान्सिस बुकॅनन ह्यांनी मलबारात पाहिलेल्या खडकाला १८०७ च्या आपल्या ग्रंथात ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. तेथील लोकभाषांत त्याला ‘वीटदगड’ अशा अर्थाचे नाव आहे, हे त्यांनीच नोंदविले आहे. लॅटिन शब्द हा ह्या देशी नावाचा अनुवादच म्हणावयाचा. कोकणात हाच जांभा. खाणीत तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्यावर वाळला की टणक होतो, हे तेथील खाणकामगाराला कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक होते. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्याच्या नावावरून आला. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांना तो शोभतो खरा, पण त्या कड्यांखाली राहणाऱ्यांचा ‘काळा पाषाण’ त्यामुळे पाठ्यपुस्तकाबाहेर राहिला. कापसाच्या जमिनीस इंग्रजी ग्रंथांनी ‘रेगूर’ म्हटले. त्याचे मूळ तेलुगू ‘रेगड’ मध्ये शोधतात. मराठी शेतकरी मात्र तिला नुसती ‘काळी’ म्हणतो, आणि ह्या एका शब्दाने पिकाची जमीन व गावठाणाची ‘पांढरी’ ह्यांतील भेदही सांगून मोकळा होतो.

दाराशॉ नौशेरवान वाडिया हे जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात १९०७ पासून शिकवीत होते. सर्वेक्षणाचे जाडजूड ग्रंथ विद्यार्थ्यांना झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी भारताच्या भूविज्ञानावर पाठ्यपुस्तक लिहिले, ते १९१९ साली निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासले गेले. वर्गासाठी वर्गातून लिहिलेले हे पुस्तक. तरी त्याची भाषा इंग्रजीच होती, आणि त्या काळी दुसरी असणे शक्यही नव्हते. मराठीत ही उणीव पुष्कळशी भरून काढली ती मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड १९७६ साली आला. त्यात ‘जांभा’ आपल्या नावाने नांदतो, ‘गोंडवनी संघ’ मूळ रूपाजवळ परततो. ‘दक्षिण ट्रॅप’ मात्र अर्धाच मराठी झाला.

परिभाषेच्या ह्या प्रश्नाला विहिरीच्या काठी व्यवहाराचे रूप येते. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षणाची शासकीय यंत्रणा उभी राहिली आणि विद्यापीठातून बाहेर पडलेले भूविज्ञानाचे पदवीधर गावोगाव जाऊ लागले. विहीर खणणारा तिच्या उभ्या छेदात मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असे थर दाखवितो. पदवीधराच्या टिपणात त्याच थरांना अपक्षीण, कुहरी आणि घट्ट बेसाल्ट अशा अर्थाची इंग्रजी नावे असतात. वर्गीकरण बव्हंशी एकच. मुरमात व मांजऱ्यात पाणी साठते आणि घट्ट पाषाणात ते फटींतूनच मिळते, हेही दोघे जाणतात; पण दोन नामावल्या समोरासमोर मांडून शिकविणारा तास पदव्युत्तर वेळापत्रकात नसल्यामुळे ही एकवाक्यता उमगण्यास पदवीधराला नोकरीची पहिली काही वर्षे खर्ची घालावी लागतात, आणि तोवर विहिरीची जागा चुकली तर तिचा भार गाव सोशीत असते.