तलवारीनंतरचे तळे : कोरियामाचे सामुराई आणि सोनमासे

१/ इ. स. १८७६. जपानच्या नव्या मेइजी सरकारने मार्चमध्ये सामुराईंना तलवार बाळगून फिरण्यास मनाई केली. ऑगस्टमध्ये त्यांची वंशपरंपरागत तैनात कायमची बंद करून हाती सरकारी रोखे ठेवले. पुढच्याच वर्षी सात्सुमा प्रांतात बंडाचा वणवा पेटला. नाराजवळच्या कोरियामात मात्र अनेक सामुराई कुटुंबांनी वेगळी वाट धरली. ती वाट तळ्यांकडे जात होती.

२/ सोनमासा मूळचा चीनचा. १५०२ च्या सुमारास तो साकाई बंदरातून जपानमध्ये आला, असे परंपरा सांगते. दीर्घकाळ तो श्रीमंतांचाच शौक होता. पुढे शहरांतील सामान्य जनांतही त्याची आवड पसरली आणि १७४८ मध्ये तर सोनमाशांची पारख व संगोपन शिकवणारी ‘किंग्यो सोदातेगुसा’ ही पुस्तिका छापली गेली.

३/ १७२४ मध्ये यानागिसावा योशिसातो या सरदाराची बदली काई प्रांतातून कोरियामाच्या दीड लाख कोकूंच्या जहागिरीवर झाली. (एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ.) त्याच्या लवाजम्याबरोबरच सोनमासे कोरियामात आले, असे तिथे मानले जाते.

४/ तैनात तांदळाच्या मापात ठरलेली. घरखर्च मात्र वाढता. त्यामुळे एदो काळाच्या अखेरीस कनिष्ठ सामुराईंच्या घरी जोडधंदा म्हणून मासे वाढू लागले. व्यापार हा सामुराईला कमीपणा आणणारा मानला जाई. पण घरच्या अंगणात पिले वाढवणे हे बाजारात दुकान मांडण्याइतके उघड नव्हते.

५/ हे काम दिसते तितके सोपे नाही. वसंतात मादी पाणवनस्पतींवर हजारो अंडी चिकटवते. सुमारे आठवड्याभरात पिले बाहेर पडतात आणि पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर जगतात. त्यानंतर ताबडतोब खाद्य मिळाले नाही, तर या मत्स्यजिऱ्यांचा तळ्यातच अंत होतो.

६/ इथे कोरियामाची भूमी मदतीला आली. या कोरड्या खोऱ्यात भातशेतीसाठी खोदलेली असंख्य तळी होती आणि त्यांत डॅफ्नियासारखे सूक्ष्म कवचधारी जीव विपुल होते. पिलांना याहून उत्तम आहार नाही. शेतीसाठी साठवलेले पाणीच अशा रीतीने माशांचे पाळणाघर झाले.

७/ खरी कसोटी पुढे असते. नवजात पिलू सोनेरी नसते. रानटी पूर्वजासारखे मळकट, करडे असते. रंग फुटायला साधारण दोन महिने लागतात, काहींना तो कधीच फुटत नाही. तोवर पाळणाऱ्याने शेपटी आणि पाठीचा कणा पाहून निवड करायची. ज्या जातीला दुहेरी शेपटी हवी, तिच्यातील एकेरी शेपटीची पिले बाजूला काढायची. हीच निवड पुन्हा पुन्हा. हजारोंतून अखेरपर्यंत टिकतात ते थोडे.

८/ ही निवड निर्दय वाटेल. पण तिच्यावाचून धंदा उभा राहत नाही. गर्दी झाली की सारीच पिले खुरटतात आणि वाकड्या माशाला गिऱ्हाईक मिळत नाही. बोटुकलीच्या आकाराचा, रंग फुटलेला, प्रवास सोसणारा मासा हाच विक्रीयोग्य माल. अंड्यापासून तिथवरचा सारा काळ नुसता खर्चाचा आणि जोखमीचा.

९/ म्हणून १८७६ नंतर या विद्येचे मोल वाढले. कोरियामाचे अखेरचे सरदार यानागिसावा यासुनोबू यांनी माजी सामुराईंना आणि शेतकऱ्यांना मत्स्यपालनासाठी पाठबळ दिले. पूर्वीचा जोडधंदा आता पोटाचा आधार झाला. ज्यांच्या वाडवडिलांनी हे काम अंगणात केले होते, त्यांना ते नव्याने शिकावे लागले नाही.

१०/ लांबच्या प्रवासात माशांनाही मुक्काम लागे. कोरियामाचे विक्रेते एदोच्या वाटेवर आजच्या आइची प्रांतातील यातोमी येथे मासे विसाव्याला पाण्यात सोडत. तिथल्या लोकांनी त्यांतले काही विकत घेऊन वाढवले आणि यातोमीचा धंदा सुरू झाला, असे सांगतात. पुढे ते गाव कोरियामाच्याच तोडीचे केंद्र झाले.

११/ कोरियामाला आज यामातोकोरियामा म्हणतात. तिथे अजूनही सोनमाशांची तळी आहेत आणि १९९५ पासून दर उन्हाळ्यात कागदी जाळीने सोनमासे पकडण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते.

१२/ सामुराईंच्या अस्ताची कथा बहुधा सात्सुमाच्या रणांगणावर संपवली जाते. परंतु त्या वर्गातील बहुसंख्य लोक लढून मेले नाहीत. त्यांना उद्याच्या भाताची सोय करायची होती. कोरियामात ती सोय करड्या पिलांनी केली. त्यांना रंग फुटेपर्यंत मात्र कळ काढावी लागली.

(धागा समाप्त)