सुरतेचे डोडो व बागलाणची वाट

मोसम नदीच्या कांठचें नामपूर हें बागलाणांतील जुनें बाजाराचें गांव. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें इ. स. १६७६ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथांत सुरत-गोवळकोंडें वाटेवरील मुक्काम दिले आहेत. त्यांत पिंपळनेरापुढें ‘निंपूर’ येतें. दिशा व अंतर पाहतां हें नामपूरच, असें आम्हांस वाटतें. याच वाटेच्या सुरतेकडील टोंकास कांहीं काळ एक नवल येऊन राहिलें होतें.

पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा नोकर इ. स. १६२८ ते १६३४ पर्यंत हिंदुस्थानांत होता. सुरतेच्या कोठींत मॉरिशस बेटावरून आणलेले दोन डोडो पाहिल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याचें हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत असून हकलूत सोसायटीनें तें १९०७ पासून छापून काढिलें.

दुसरा दाखला चित्राचा. सेंट पीटर्सबर्ग येथील एका मोंगली चित्रपत्रांत इतर पक्ष्यांमध्यें डोडो उभा आहे. जहांगिराचा नामांकित चित्रकार मन्सूर याच्या हातचें तें मानितात. १९५८ सालीं इव्हानोव्ह यानें तें पुढें आणीपर्यंत पक्षिशास्त्रज्ञांस त्याची वार्ता नव्हती. युरोपांतील कित्येक चित्रें पेंढा भरलेल्या वा कोंडून माजविलेल्या पक्ष्यांवरून काढलेलीं. हें मात्र जिवंत प्राण्याचें दिसतें. संग्राहकांनीं सुटें पान क्षुल्लक लेखूं नये, तें यासाठींच.

मॉरिशसवर पूर्वीं मनुष्यवस्ती नव्हती. इ. स. १५९८ त डच उतरले व १६३८ त त्यांनीं वसाहत केली. (त्याच सालीं औरंगजेबानें मुल्हेर घेऊन बागलाणचें राज्य संपविलें.) खलाशांनीं मारून खाऊन डोडो संपविला अशी सर्वत्र समजूत आहे, ती आम्हांस अपुरी वाटते. डचांनींच त्यास ‘किळसवाणा पक्षी’ म्हटलें होतें, व वसाहतींतील माणसें थोडकीं. पण डोडोस उडतां येत नसे, आणि अंडें भुईवर. जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरें व माकडें यांस तें आयतेंच सांपडलें. १६६२ नंतर त्याच्या दर्शनाची खात्रीची नोंद नाहीं.

१८३४ पासून त्या बेटावर हिंदी गिरमिटिये मजूर गेले. त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंही होतीं. १८६५ सालीं जॉर्ज क्लार्क या शिक्षकानें मेर-ओ-साँज या दलदलींत कुली उतरविले. त्यांनीं अनवाणी पायांनीं चिखल चांचपून डोडोचीं हाडें वर काढिलीं. शोध क्लार्काच्या नांवें जमा आहे.

सुरतेचे पक्षी बागलाणांतून दक्षिणेस गेले असें सुचविण्याचा मोह होतो. पण लेखी आधारावांचून तें लिहिणें योग्य नव्हे. नामपूर, मुल्हेर वा पिंपळनेर भागांतील दप्तरांत परदेशी पक्ष्यांच्या नजराण्याची एखादी याद कोणास आढळल्यास तिची नक्कल मंडळाकडे धाडावी, ही विनंती.