आकाशवाणीवरील पु. ल.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत गेले, म्हणून त्यांना 'आपले' म्हणण्याचा हक्क आपण सहज गाजवितो. परंतु त्यांच्या आयुष्यातील एका पर्वाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते पर्व नभोवाणीचे होय.

बेळगाव व मुंबई येथील प्राध्यापकी आणि १९५३ सालचा 'गुळाचा गणपती' हा चित्रपट झाल्यावर, १९५५ मध्ये ते आकाशवाणीत दाखल झाले. त्या वेळी नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण केसकर होते. निव्वळ कारकुनी शिस्तीने चालणाऱ्या या खात्यात लेखक-कलावंतांना 'प्रोड्यूसर' म्हणून आणण्याचे धोरण त्यांच्याच कारकीर्दीतले. पुढे पुलंना बी. बी. सी.च्या प्रशिक्षणासाठी लंडनला पाठविण्यात आले. सरकारी खर्चाने झालेल्या या प्रवासातून मराठीला 'अपूर्वाई' (१९६०) लाभले. सरकारी पैशाचा याहून चांगला विनियोग क्वचितच झाला असेल! दिल्लीत १९५९ मध्ये दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाल्यावर तिच्यासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याकडे गेला.

नभोवाणीचा श्रोता दिसत नाही. तो घरात एकटा किंवा चारचौघांत बसून ऐकतो. तेथे सभेतील आवेश हास्यास्पद ठरतो. 'व्यक्ती आणि वल्ली', 'गणगोत' यांतील गद्य वाचताना शेजारी बसून कोणी बोलत आहे असे वाटते, त्याचे थोडे श्रेय या ध्वनिक्षेपकाला द्यावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. 'गणगोत'मध्ये आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजेच 'ऋग्वेदी', यांच्याविषयी त्यांनी लिहिले, तेही गौरवग्रंथाच्या थाटात नव्हे. ज्ञातीच्या स्मरणिकांत आप्तांवर लिहिणाऱ्या आम्हां मंडळींनी हे ध्यानी घ्यावे.

या नोकरीत एक विलक्षण विसंगती होती. पुलंची बोटे संवादिनीवर लीलया फिरत. आणि १९४० पासून आकाशवाणीवर संवादिनीलाच बंदी होती. ती स्वरांच्या श्रुती दाखवू शकत नाही, असा आक्षेप. ज्या संस्थेने या माणसाला त्याच्या गुणांसाठी बोलाविले, तिच्याच दारात त्याचे आवडते वाद्य बाहेर राहिले. पुलंनी नोकरी सोडली, १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. आकाशवाणीने ती बंदी शिथिल केली, तेव्हा १९७१ साल उजाडले होते.