प्रकाशीय पुनःप्रदाय, अर्धसंवाहक लेसरमधील

अर्धसंवाहक लेसरमधून बाहेर पडलेल्या प्रकाशाचा काही अंश बाहेरच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन पुन्हा लेसरच्या पोकळीत शिरतो, तेव्हा त्यास प्रकाशीय पुनःप्रदाय म्हणतात. प्रयोगशाळांत ‘फीडबॅक’ हाच शब्द रूढ आहे. परत येणारा अंश दहा हजारात एक असला, तरी लेसरची कंप्रता, तीव्रता, गोंगाट व वर्णरेषेची रुंदी यांत फरक पडतो. परावर्तक मुद्दाम ठेवलेला असावा लागतो असे नाही. भिंग, प्रकाशीय तंतूचे टोक, तबकडी, शोधकाची काच यांपैकी काहीही पुरते.

कारणे : हीलियम-निऑन लेसरचे आरसे सुमारे ९९ टक्के प्रकाश परावर्तित करतात, त्यामुळे बाहेरचा प्रकाश आत फारसा शिरत नाही. अर्धसंवाहक लेसरला वेगळे आरसे नसतात. स्फटिक भंजून मिळालेली सपाट टोकेच आरशाचे काम करतात आणि त्यांची परावर्तकता सुमारे ३० टक्के असते. पोकळीची लांबी साधारण ०·३ मिमी. असल्याने आतील प्रकाशाची एक फेरी सुमारे ८ पिकोसेकंदांत पुरी होते, म्हणजे बाहेरून आलेला प्रकाश सेकंदाला अब्जावधी वेळा मिसळत राहतो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. अर्धसंवाहकात विद्युत् वाहकांची घनता बदलली की प्रकाशाचा लाभ तर बदलतोच, पण प्रणमनांकही बदलतो. म्हणून तीव्रतेतील प्रत्येक चढउतार कंप्रतेत उमटतो. या जोडणीचे माप ‘आल्फा’ या गुणांकाने देतात. फ्लेमिंग व मूराडियन यांनी १९८१ मध्ये मोजलेली रेषारुंदी सिद्धांताच्या अपेक्षेहून कितीतरी पट जास्त भरली. बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स हेन्री यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की रुंदी (१ + आल्फाचा वर्ग) इतक्या पटींनी वाढते. आल्फा ५ असेल, तर ही वाढ २६ पट होते.

सिद्धांत : निप्पॉन इलेक्ट्रिक कंपनीतील रॉय लँग व कोबायाशी यांनी १९८० मध्ये लेसरच्या नेहमीच्या समीकरणात एकच पद वाढवले : काही काळापूर्वीचे स्वतःचेच विद्युत् क्षेत्र. आरसा १५ सेंमी.वर असेल, तर हा विलंब १ नॅनोसेकंद असतो. या एका विलंबामुळे समीकरणाचे स्वरूप पालटते, कारण लेसरची पुढची अवस्था ठरवण्यास त्याची आताची अवस्था पुरत नाही, मागचा सगळा नॅनोसेकंद लागतो. प्रकाश बाहेर एकदाच फेरी मारतो असे यात गृहीत धरले आहे. प्रबळ पुनःप्रदायाला ते लागू पडत नाही, तरी समीकरणे तेथेही सर्रास वापरली जातात. परावर्तनाचे प्रमाण, विलंब व आल्फा एकत्र करून मिळणारी ‘सी’ ही राशी १ हून कमी असेल, तर लेसरला एकच कंप्रता उपलब्ध असते. १ च्या पुढे अनेक कंप्रता शक्य होतात व लेसर त्यांच्यात उड्या मारू लागतो.

पाच क्षेत्रे : बेल प्रयोगशाळेतील टकॅच व क्रॅप्लिव्ही यांनी १९८६ मध्ये १·५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या वितरित-पुनःप्रदाय लेसरांवर मोजमापे करून परतणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणानुसार पाच क्षेत्रे मांडली. पहिल्या क्षेत्रात परावर्तन अत्यल्प असते. परतणाऱ्या प्रकाशाच्या कलेनुसार रेषा अरुंद होते किंवा रुंदावते. कला म्हणजे तरंगाची चढउतारातील जागा. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीला आरसा ३९० नॅनोमीटर सरकला, की कलेचे एक पूर्ण चक्र होते. हे अंतर साध्या कागदाच्या जाडीच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतके आहे. टेबल हलणे, हवा तापणे एवढ्यानेही लेसर का बिघडतो, ते यावरून कळावे. दुसऱ्या क्षेत्रात, कला प्रतिकूल असता, रेषा दुभंगल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तो दोन कंप्रतांमधला उड्यांचा खेळ असतो. सुमारे −४५ ते −३९ डेसिबेल इतका प्रकाश परतण्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात तिसरे क्षेत्र येते. तेथे लेसर एका अरुंद रेषेवर स्थिरावतो, पण पट्टा इतका लहान आहे की त्यावर विसंबून उपकरण बांधणे धाडसाचे ठरेल.

चौथे क्षेत्र सर्वांत प्रसिद्ध आहे. लेन्स्ट्रा, व्हर्बीक व डेन बूफ या डच संशोधकांनी १९८५ मध्ये त्याला ‘कलासंबद्धतेचा ऱ्हास’ असे नाव दिले. येथे रेषा मेगॅहर्ट्‌झवरून दहा-वीस गिगॅहर्ट्‌झपर्यंत फुगते, कलासंबद्धतेची लांबी (जेवढ्या अंतरापर्यंत तरंगाची कला सुसंगत राहते ते अंतर) कित्येक मीटरांवरून सेंटिमीटरच्या घरात येते आणि कलेचा फरक पडेनासा होतो. लेसर बंद पडत नाही, त्याची सरासरी शक्तीही फारशी ढळत नाही. म्हणून साधा शक्तिमापक लावणाऱ्याला बिघाडाचा पत्ताच लागत नाही. −१० डेसिबेलच्या वर पाचवे क्षेत्र लागते. तेथे पोहोचण्यासाठी सामान्यतः लेसरच्या टोकावर परावर्तनरोधी थर द्यावा लागतो. मग बाहेरचा आरसाच खरी पोकळी ठरवतो व रेषा पुन्हा अरुंद होते.

हे वर्गीकरण जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात सर्व लेसरांचा नियम असल्यासारखे दिले जाते. तसे ते नाही. सीमांचे आकडे एका जातीच्या लेसरांवरून आलेले आहेत. आल्फा, अंतर व विद्युत् प्रवाह बदलला की सीमा सरकतात.

पुनःप्रदाय असता देहलीप्रवाहाच्या (लेसर सुरू होण्यास लागणाऱ्या किमान प्रवाहाच्या) जवळ तीव्रता एकाएकी कोसळते आणि पायऱ्यापायऱ्यांनी सावरते. रिश व वुमार यांनी १९७७ मध्ये याच्याशी संबंधित निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही कोसळ गोंगाटामुळे होते की निव्वळ समीकरणातूनच उद्भवते, यावर दोन्ही बाजूंचे लेखन उपलब्ध आहे.

उपाय : मुख्य उपाय म्हणजे फॅराडे परिणामावर चालणारा प्रकाशीय विलगक. चुंबकीय क्षेत्रातील गार्नेट स्फटिकात ध्रुवणाची दिशा ४५ अंशांनी फिरते. परतीच्या वाटेवर ती त्याच बाजूला आणखी ४५ अंश फिरते, त्यामुळे परतणारा प्रकाश ध्रुवकावर अडतो. एका टप्प्याचा विलगक सुमारे ३० डेसिबेल रोध देतो. तंतूचे टोक ८ अंश तिरपे घासणे हा स्वस्त उपाय दूरसंचारात रूढ आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्रात विलगक परवडत नसे. तेथे लेसरच्या प्रवाहात काही शे मेगॅहर्ट्‌झचा प्रवाह मिसळून त्याची कलासंबद्धता मुद्दाम बिघडवली जाई, म्हणजे परतलेला प्रकाश ताज्या प्रकाशाशी झगडू शकत नसे. भौतिकीत याहून व्यवहारी तडजोड क्वचितच आढळेल.

उपयोग : विवर्तन जालकावरून ठरावीक तरंगलांबी परत पाठवून रेषा १ मेगॅहर्ट्‌झहून अरुंद करता येते. रुबिडियमची एक वर्णरेषा ७८०·२४ नॅनोमीटरला आहे; तबकडीच्या यंत्रांसाठी निघालेले स्वस्त लेसर योगायोगाने तिच्याजवळच पडले आणि अणूंच्या शीतनासाठी वापरात आले. पृष्ठभागाची हालचाल पुनःप्रदायावरून मोजण्याची कल्पना किंग व स्टूअर्ड यांनी १९६३ मध्ये वायू लेसरच्या संदर्भात मांडली होती. पुढे फिलिप्सने त्याच तत्त्वावर संगणकाच्या माउसचा संवेदक तयार केला. चौथ्या क्षेत्रातील लेसरचा अनियमित चढउतार, म्हणजे ‘केऑस’ही उपयोगी ठरला : २००५ मध्ये अथेन्समधील १२० किमी. तंतुजालावर त्याच्या आड लपवलेला संदेश पाठवण्यात आला, तर २००८ मध्ये जपानमधील उचिदा व सहकाऱ्यांनी त्यातून सेकंदाला १·७ अब्ज यादृच्छिक द्विमान अंक मिळवले.

भारतात : मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था येथे वर सांगितलेल्या प्रकारच्या शीतनाने अतिशीत केलेल्या रुबिडियम अणूंवर प्रयोग होतात.

विलगकाचा उपाय सर्वत्र सोयीचा नसतो. सिलिकॉन पट्टीवर लेसर बसवताना गार्नेटचा विलगक सोबत बसवणे अवघड जाते. त्यामुळे लहान आल्फा असलेल्या क्वांटम-बिंदू लेसरांकडे लक्ष वळले असून ते विलगकाशिवायही बऱ्याच परावर्तनाला तोंड देतात.