बडीशेपेच्या बशीतली बक्षिसी : सातारा-सांगलीकडील एका रिवाजाची कुळकथा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील हॉटेलांत जेवण आटोपल्यावर बिल बहुधा बडीशेपेच्या बशीत येते, आणि परत आलेल्या सुट्ट्या पैशांतली काही नाणी किंवा एखादी नोट वाढणाऱ्यासाठी त्याच बशीत मागे राहते. या रकमेला आज 'टिप' म्हणतात, तर जुन्या माणसांच्या तोंडी 'बक्षिसी' किंवा 'चहापाणी' हे शब्द येतात. ही रीत साहेबाने आणली, असा सर्वसाधारण समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. दर जेवणामागे, अनोळखी वाढप्याला, रोख पैसे देण्याची चाल नवी असली, तरी सेवा करणाऱ्याला प्रत्यक्ष पगाराखेरीज काही देण्याच्या निदान तीन जुन्या रीती या मुलखात नांदत होत्या: एकीत घेणाऱ्याचा हक्क होता, दुसरीत देणाऱ्याची मर्जी होती आणि तिसरीत दोघांची वर्षभराची ओळख होती. आजच्या टिपेने यांपैकी मर्जीचा वारसा उचलला आणि हक्काचा मागे टाकला. हे कसे घडले, याचा शोध घेणे हाच या कुळकथेचा गाभा आहे.

हक्काची रीत म्हणजे बलुते. गावातील सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी आदींनी वर्षभर गावाचे काम करावे आणि सुगीला प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन धान्याचा आपला वाटा न्यावा, अशी ही व्यवस्था होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन आले आहे. कामाच्या महत्त्वाप्रमाणे बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन 'कासी' म्हणजे ओळी मानल्या जात, आणि कोणत्या ओळीला किती धान्य मिळायचे हे परंपरेने ठरलेले असे. काम चांगले झाले की वाईट, यावर त्या दिवशीचा मोबदला अवलंबून नसे, आणि बलुतेदार खळ्यावर आला की त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे ही शेतकऱ्याचीच नाचक्की समजली जाई. तथापि या हक्काला जातीचा दोर बांधलेला होता, हे विसरता येत नाही. महार वतनासारख्या व्यवस्थेत हक्काचे चार दाणे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ एकाच गाठोड्यात येत असल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वतनाविरुद्ध सातत्याने आवाज उठवला आणि १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गाव वतन निर्मूलन अधिनियमाने ते संपुष्टात आणले.

दुसरी रीत दरबारी आहे. 'बक्षीस' हा शब्दच फारसीतून आलेला असून, वरच्याने खालच्यावर प्रसन्न होऊन दिलेली देणगी हा त्याचा मूळ आशय मराठीत आजही टिकून आहे. सातारा ही छत्रपतींची गादी असल्याने या मुलखाने देणगीचा हा उतरता प्रवाह जवळून पाहिला. पेशवेपदाची वस्त्रे छत्रपतींकडून मिळत. पहिल्या बाजीरावाला ती १७२० साली शाहू महाराजांच्या छावणीत, कऱ्हाडनजीक मसूर येथे मिळाली. मोठ्या मानाच्या वस्त्रांपासून जासुदाच्या हातावर पडणाऱ्या नाण्यापर्यंत तत्त्व एकच होते, ते म्हणजे देणे देणाऱ्याच्या खुशीवर आणि घेणाऱ्याने त्यासाठी लवून राहायचे. हेच तत्त्व लोकरंजनात 'दौलतजादा' या नावाने वावरले. तमाशाच्या फडात प्रेक्षकाने नर्तकीला किंवा गाणाऱ्याला पैसे द्यावेत आणि त्या बदल्यात आवडीची लावणी किंवा आपल्याकडे वळलेली एक नजर मिळवावी, ही ती चाल होय. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूराव यांचे गाव. या पट्ट्यातील कित्येक पिढ्यांना जत्रेतल्या तमाशामुळे दौलतजादा ठाऊक होता. चारचौघांत दिलेल्या पैशाने देणाऱ्याचा तोरा वाढतो, ही दौलतजाद्यातली गोष्ट आजच्या टिपेतही दिसते: पाहुण्यांना घेऊन आलेला यजमान एकट्याने जेवणाऱ्यापेक्षा सढळ हाताने टिप ठेवतो.

तिसरी रीत अधिक मवाळ आणि घरगुती आहे. दिवाळीला नोकरचाकर, गुरखा, पोस्टमन, घरी रतीब घालणारा अशा वर्षभर राबणाऱ्या माणसांना जी रोख रक्कम दिली जाते, तिला 'पोस्त' म्हणतात. तिचा आकडा ठरलेला नसतो, पण ती द्यायची असते हे ठरलेले असते, आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी देण्याचा संकोच वाटतो. पोस्तीत मर्जी आणि हक्क या दोहोंचा अंश असतो. वर्षभराच्या ओळखीवर ती उभी असते, म्हणून एका दिवसाच्या चुकीने बुडत नाही.

या तीन रीतींपैकी एकही जेवणाच्या पानापर्यंत पोहोचली नव्हती, कारण विकत मिळणारे शिजवलेले अन्न हीच मुळात उशिरा आलेली गोष्ट होती. पंगतीत वाढणारे यजमानाच्या घरचे किंवा भावकीतले असत, आग्रह करणे हा यजमानाचा धर्म होता, आणि जेवणाऱ्याने वाढणाऱ्याला पैसे देणे अपमानाचे ठरले असते. कोणी कोणाच्या हातचे खायचे, हे मात्र जातीने आखून दिले होते, आणि या प्रदेशातील ग्राहकसेवेचा इतिहास लिहायचा तर याच ठिकाणी थांबावे लागते. १९०१ साली बालवयातील आंबेडकर आपला थोरला भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. ही मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालेल, या अटीवर एक जण तयार झाला. शिदोरी सोबत असूनही रस्त्यात प्यायला पाणी मिळेना, म्हणून रात्र उपाशी काढावी लागली, आणि जकातनाक्यावर स्वतःला मुसलमान म्हणवूनही नाकेदाराने पाणी दिले नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतःच्या आठवणींत नोंदवला आहे. पैसे हातात होते, दुप्पट देण्याची तयारी होती, तरीही सेवा नाकारली गेली. बक्षिसीचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण ज्याला दुकानाच्या पायरीवर उभे राहता येत नाही त्याच्यासाठी सेवा चांगली की वाईट हा प्रश्नच उद्भवत नाही. शेजारच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढण्यास राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला, त्यामागची निकड या पार्श्वभूमीवर उमगते. हॉटेल व सार्वजनिक उपाहारगृह यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात नाव घेऊन लिहावे लागले, तेही यामुळेच.

विकत जेवण सर्वसामान्यांच्या जीवनात स्थिरावले ते खानावळीतून. सातारा-सांगलीकडचे हजारो पुरुष मुंबईच्या कापडगिरण्यांत गेले, तेव्हा गिरणगावातील बायांनी चालवलेल्या खानावळींत ते महिन्याच्या बोलीने जेवत. अशाच खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. इकडे सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली आणि अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आजचे वालचंद, १९४७ साली सुरू झाले, आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी विश्रामबागच्या बाजूला मेस वाढत गेल्या. मेसमधील जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणतात, तो महिन्याचे पैसे भरतो, आणि गावी गेल्यास त्या दिवसांचा 'खाडा' धरून तेवढे पैसे वळते होतात. रविवारी दुपारी गोडाधोडाची 'फीस्ट' असते आणि संध्याकाळी चूल बंद. या व्यवस्थेत वाढपी मेंबरला नावाने ओळखतो, कोणाला पोळी कडक लागते आणि कोणाला भात आधी हवा असतो हे त्याला पाठ असते. येथे दर जेवणाला टिप नसते. दिवाळीला किंवा परीक्षा संपवून गावी निघताना वाढप्याच्या हातावर जे ठेवले जाते, ते पोस्तीच्याच जातीचे आहे. खानावळीची ही शाखा मर्जीपासून बरीच दूर राहिली, हे तिचे मोठेपण मानले पाहिजे.

साहेबी टिपेचा ओघ याच जिल्ह्यात डोंगरमाथ्यावरून आला. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांशी झालेल्या करारान्वये महाबळेश्वरचे पठार कंपनी सरकारकडे गेले, तत्कालीन गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तेथे माल्कमपेठ वसली, आणि उन्हाळ्यात मुंबई सरकारचा लवाजमा तेथे मुक्कामाला येऊ लागला. खानसामा, मसालची, हमाल, घोडेवाला असा नवा सेवकवर्ग हंगामापुरता उभा राहिला. पाहुणा आठ-पंधरा दिवसांचा. वर्षभराची ओळख असण्याचा संभव नाही, म्हणून पोस्त शक्य नव्हती, आणि खळेही नसल्यामुळे बलुतेही नव्हते. उरली ती निघतानाची बक्षिसी. तिच्या जोडीला 'दस्तुरी' होती, म्हणजे मालकासाठी केलेल्या खरेदीवर दुकानदाराकडून नोकराने घ्यायचा रिवाजी हिस्सा. थंड हवेच्या ठिकाणची ही चाल पुढे हिंदी पर्यटकांनीही चालू ठेवली.

तरीही टिप सर्वदूर झाली ती सडकेमुळे. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून जातो, एस.टी.च्या थांब्यांनी आणि पुढे चौपदरी रस्त्याने खंडाळ्यापासून कऱ्हाड, पेठ नाक्यापर्यंत हॉटेलांची रांग उभी केली. तेथे येणारे गिऱ्हाईक पुन्हा येईलच असे नाही. मेंबर आणि वाढपी यांच्यातली ओळख येथे वीस मिनिटांत आटोपते, आणि त्या वीस मिनिटांची पोच द्यायला बशीतल्या सुट्ट्या पैशांखेरीज दुसरे साधन नाही. मात्र सेवेची अपेक्षा अजूनही पंगतीचीच आहे, आणि हा या भागाचा खास गुण होय. गिऱ्हाईक वेटरची पारख त्याच्या गणवेशावरून करत नाही. ताटातली वाटी रिकामी होताच न मागता रस्सा आला का, अख्खा मसूर घेतल्यावर कांदा-लिंबू पुन्हा विचारले का, भाकरी गरम आली का, यावरून करते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी बिलात धरली, तर गिऱ्हाईक नाराज होते. म्हणजे आग्रहाचा धर्म यजमानाकडून मालकाकडे आला, तो पाळण्याचे श्रम वेटरकडे आले, आणि त्या श्रमांचे मोल ठरवण्याचे काम गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडले गेले. टेबल पुसणारा 'पोऱ्या' तर बहुतेक वेळा शाळेच्या वयाचा असे. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे व हॉटेलांत कामाला ठेवण्यास मनाई झाली. तोवर कित्येक मुलांच्या हाती थेट पडणारे पैसे म्हणजे बशीतली चिल्लर एवढेच होते.

कायद्याने या रकमेकडे कसे पाहिले, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाखाली महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांतील कामगारांचे किमान वेतन ठरवले गेले, आणि टिप मिळते म्हणून ते वेतन कमी करण्याची सोय त्यात ठेवलेली नव्हती. अमेरिकेत मात्र संघराज्याच्या कायद्याने टिप घेणाऱ्या कामगाराचे रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर इतके खाली ठेवता येते आणि उरलेली भर गिऱ्हाइकाच्या टिपेतून धरली जाते. या बाबतीत भारतीय कायदा अधिक न्यायाचा आहे. पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आय.टी.सी. कंपनीच्या आयकर प्रकरणात निर्णय दिला की हॉटेलने कार्डावरून गोळा करून वाटलेली टिप हा मालकाने दिलेला पगार ठरत नाही, कारण ती मालकाकडून मागण्याचा हक्क नोकरीमुळे निर्माण होत नाही. करापुरता दिलेला हा निर्णय असला, तरी बलुते आणि बक्षीस यांच्यातला जुना भेद त्याने नेमक्या शब्दांत मांडला. शहरी हॉटेलांनी बिलातच 'सेवा शुल्क' छापून या रकमेला निश्चिती देऊ पाहिली; ते ऐच्छिक असल्याचे केंद्राने २०१७ मध्ये सांगितले, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते आपोआप लावण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ही मनाई वैध ठरवली. गिऱ्हाइकाच्या बाजूने हा निर्णय रास्तच आहे. वेटरच्या बाजूचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही.

त्या प्रश्नाचे एक उत्तर याच मातीतील माणसाने दुसऱ्या धंद्यात मिळवून दाखवले आहे. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथे जन्मलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्या माथाडींना संघटित केले. त्यांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी अधिनियमाने हमाली थेट हातावर पडण्याऐवजी मंडळामार्फत मिळू लागली आणि व्यापाऱ्याने मजुरीवर भरायच्या ठरावीक आकारणीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, भरपगारी रजा यांची तरतूद झाली. ओझे उतरल्यावर व्यापारी काय हातावर ठेवील याची वाट पाहणारा हमाल नोंदणीकृत कामगार झाला. हॉटेलातील वाढप्यासाठी असे मंडळ झालेले नाही. दरम्यान २०१६ नंतर यू.पी.आय.ने गल्ल्यावरचा हिशेब पैशापैशाने चुकता होऊ लागला आहे, सुटे परत येत नाहीत, आणि महामार्गावरच्या पुष्कळ हॉटेलांत बशीत आता नुसती बडीशेप येते.